कोकणातल्या घरगुती स्टुडिओसाठी मॉनिटर स्पीकर: बेताच्या पैशांत निवड, मांडणी आणि जपणूक

सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीपासून चिपळूण, गुहागरपर्यंत आता अनेक घरांत एखादी खोली रिकामी करून, लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारे खोके) आणि एक बरा मायक्रोफोन घेऊन भजने, गवळणी, शक्ती-तुऱ्याची गाणी, नमनातली पदे आणि गणपतीच्या दिवसांसाठीची नवी गाणी ध्वनिमुद्रित केली जातात. ध्वनिमुद्रण बहुधा चांगले होते. घोडे अडते ते मिक्सिंगपाशी, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून एक गाणे करण्यापाशी. खोलीत ऐकताना पखवाज भरदार वाटतो, पण तेच गाणे मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर लावले की नुसते घुमते आणि बुवांचे शब्द कळेनासे होतात. कधी नेमके उलट घडते आणि मोबाइलवर पखवाजाचा ठावठिकाणाच लागत नाही. अशा वेळी दोष मिक्स करणाऱ्याच्या कानांना दिला जातो, पण बहुतेकदा त्या कानांपर्यंत पोचणारा आवाजच खरा नसतो. मॉनिटर स्पीकरचे काम गाणे गोड करून ऐकवण्याचे नाही. जे मुद्रित झाले आहे ते भर न घालता आणि काही न लपवता समोर मांडण्याचे आहे. हे काम एकटा स्पीकर करत नाही, स्पीकर आणि खोली मिळून करतात. म्हणून पैसे मोजके असतील तर खरेदीची सुरुवात दुकानातून नव्हे, खोलीच्या मापापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी खोली मोजा

मोजपट्टी घेऊन खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहून काढा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराची दुप्पट करून तिने ३४३ ला भागले, की त्या दोन भिंतींमध्ये जो खालचा सूर अडकून फुगतो त्याची वारंवारता मिळते. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतरासाठी ती सुमारे ५६ हर्ट्झ (सेकंदाला ५६ कंपने) येते, बारा फुटांसाठी ४७ आणि नऊ फूट उंचीच्या स्लॅबसाठी ६३. याच आकड्यांच्या दुप्पट आणि तिप्पट वारंवारतांवरही तसाच फुगवटा येतो. खोली दहा बाय दहाची चौरस असेल, तर लांबी आणि रुंदी या दोन्हींचे फुगवटे एकाच जागी, ५६ आणि ११२ हर्ट्झवर, एकमेकांवर चढतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा आणि ढोलकीच्या घुमाऱ्याचा बराचसा जीव याच पट्ट्यात असतो. निवडीला दोन खोल्या असतील तर चौरस खोली सोडून आयताकृती खोली घ्यावी.

कोकणातल्या घरांत आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर कौले असलेले जुने घर आणि तालुक्याच्या गावातला स्लॅबचा फ्लॅट ही आवाजाच्या दृष्टीने दोन निराळी जगे आहेत. कौलांच्या फटींतून खालचे सूर बाहेर निघून जातात, छप्पर उतरते असल्यामुळे जमीन आणि छत समांतर राहत नाहीत, आणि म्हणून माजघरातला बेस स्लॅबच्या खोलीपेक्षा पुष्कळ मोकळा वाटतो. त्याची किंमत म्हणजे बाहेरचा प्रत्येक आवाज आत येतो, आणि आषाढातल्या पावसात कौलांवर जो मारा होतो त्यात बारकाव्याचे काम करणे अशक्य असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे गणपतीच्या गाण्यांचे काम ऐन भरात असतानाच. कौलारू घरात काम करणाऱ्याने म्हणूनच अंदाजपत्रकात एका चांगल्या हेडफोनची तरतूद सुरुवातीपासून ठेवावी. स्लॅबच्या, गिलावा केलेल्या, टाइल बसवलेल्या रिकाम्या खोलीत मात्र टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर एक धातूसारखी थरथर ऐकू आली, तर त्या खोलीला स्पीकरच्या आधी गाद्या-पडद्यांची गरज आहे.

पैशांची वाटणी

हाताशी ३०,००० रुपये असतील तर ते सगळे स्पीकरवर घालू नयेत. १८ ते २० हजार जोडीसाठी, ६ ते ७ हजार खोलीच्या कामासाठी आणि उरलेले केबल, आधार आणि विजेच्या संरक्षणासाठी, ही वाटणी मला योग्य वाटते. १२-१५ हजारच असतील तरी हेच प्रमाण ठेवावे. ऑनलाइन दुकानांत पाच इंची मॉनिटरची किंमत पुष्कळदा एका नगाची लिहिलेली असते, हे मागणी नोंदवण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे. जोडीची समजून एकच स्पीकर मागवला जाण्याचे प्रकार वारंवार होतात.

संगणकासोबत मिळणारे छोटे स्पीकर, होम थिएटर आणि ब्लूटूथ स्पीकर या कामाला चालत नाहीत. त्यांतला बेस मुद्दाम फुगवलेला असतो आणि ब्लूटूथमध्ये आवाज उशिराही पोचतो व दाबलेल्या स्वरूपातही. पॅसिव्ह मॉनिटर आणि वेगळा ॲम्प्लिफायर ही जोडणी वाईट नाही, परंतु कमी पैशांत दोन्ही जुळवून घेणे कठीण जाते. ॲम्प्लिफायर आतच बसवलेला ॲक्टिव्ह मॉनिटर घ्यावा.

किती इंचांचा वूफर

वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा. इथे बहुतेकांचे मन मोठ्याकडे ओढते. आठ इंची वूफर खाली ४० हर्ट्झच्या आसपास उतरतो हे खरे, पण दहा बाय दहाच्या खोलीत तो नेमका त्या ५६ हर्ट्झच्या फुगवट्यालाच खाऊ घालतो, आणि ऐकणाऱ्याला बेस जास्त वाटून तो मिक्समधून बेस कापत सुटतो. दहा बाय दहा ते दहा बाय बारा फुटांच्या खोलीला पाच इंची वूफर पुरेसा आहे. टेबल भिंतीला टेकलेले आणि ऐकणारा अगदी जवळ असेल तर चार इंचीही चालतो. बारा बाय अठरासारखे प्रशस्त माजघर असेल तर साडेसहा इंचीचा विचार करावा. साडेतीन इंची स्पीकर साधारण ८० हर्ट्झच्या खाली काही सांगू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पखवाज-ढोलकीचे मिक्स करताना हेडफोनची जोड अनिवार्य ठरते.

खोल बेस नसणे ही कामाच्या आड येणारी गोष्ट नव्हे, याचा सर्वांत मोठा दाखला यामाहाच्या एनएस-१० चा आहे. १९७८ मध्ये तो घरात गाणी ऐकण्यासाठी म्हणून बाजारात आला. त्याचा बेस कमीच होता, पण मधल्या पट्टीतला प्रत्येक दोष तो निर्दयपणे उघडा पाडत असे, आणि २००१ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओंत त्याचा पांढरा वूफर ओळखीचा होऊन बसला होता. गायकाचा शब्द, पेटीचा सूर आणि झांजेची धार यांचे भांडण मधल्या आणि वरच्या पट्टीतच मिटवायचे असते. भजनाच्या मिक्समध्ये तर हे आणखी खरे आहे, कारण कोरसच्या गजरात बुवांचा आवाज बुडतो तो बेसमुळे नव्हे, तर साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या गर्दीमुळे.

आज सहज मिळणाऱ्या मॉनिटरांत कमी पैशांच्या बाजूला एडिफायर एमआर४ आणि प्रीसोनसचे एरिस ३.५ ही नावे येतात. या दोन्हींत ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात असतो आणि दुसरे खोके त्याला तारेने जोडलेले असते. थोडे वर गेले की जेबीएल ३०५पी मार्क २, यामाहा एचएस५ आणि ॲडम टी५व्ही हे पाच इंची आणि काली ऑडिओचा एलपी-६ हा साडेसहा इंची, असे पर्याय आहेत, आणि त्यांत प्रत्येक नगाला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. एचएस५ च्या मागे ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवण्याचे बटण आहे. एलपी-६ वर भिंतीजवळ, टेबलावर किंवा स्टँडवर अशा जागांनुसार लावायची छोटी बटणे आहेत. लहान खोलीत ही सोय वॅटच्या मोठ्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

तपशीलपत्रकातले खरे आणि फुगवलेले

वारंवारतेचा पल्ला वाचताना त्यासोबत उणे-अधिक ३ डेसिबल लिहिले आहे की उणे १० डेसिबल, हे पाहावे. एचएस५ चा ५४ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ हा पल्ला आणि ३०५पी मार्क २ चा ४३ हर्ट्झ ते २४ किलोहर्ट्झ हा पल्ला, दोन्ही उणे १० डेसिबलच्या हिशेबाने दिलेले आहेत; म्हणजे त्या टोकाला आवाज दहा डेसिबलने पडलेला असतो. ज्या पत्रकात कोणतीच मर्यादा लिहिलेली नसते, तो आकडा विचारात घेऊ नये. वॅटचेही तसेच आहे. एक मीटर अंतरावर बसून ७५ डेसिबलच्या आसपास काम करणाऱ्याला सरासरीने एक वॅटही लागत नाही, उरलेली ताकद ढोलकीच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी असते. चाळीस वॅट भरपूर झाले.

पोर्ट (खोक्यातली हवा आत-बाहेर करणारे गोल भोक) मागे असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवूच नये, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य कमी आहे. १०० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ती पोर्टच्या दिशेची पर्वा न करता खोक्याच्या चहूबाजूंनी पसरते. भिंतीमुळे बेस वाढायचा तो पोर्ट पुढे असला तरी वाढतोच. मागच्या पोर्टला हवा खेळण्यापुरती मोकळी जागा सोडली की पुरते.

जुनी जोडी घेताना वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहा. ती रबराची असेल तर लवचीक राहते. फोमची असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत ती भुसभुशीत होऊन झडते. ट्विटरला, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला, खळगा पडलेला नसावा. परदेशातून आलेला नग असेल तर मागच्या बाजूला २३० व्होल्ट लिहिलेले आहे का, हे वीज जोडण्यापूर्वी वाचावे, कारण ११५ व्होल्टचा नग आपल्या विजेवर तत्काळ जळतो.

ऐकून कसे ठरवावे

शक्य असेल तर मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला जाण्याचा योग साधून जोड्या ऐकाव्यात. सोबत पेनड्राइव्हमध्ये पाच-सहा गाणी डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या, स्वरूपात न्यावीत: एक नुसत्या गळ्याचे, एक भजन, एक भरगच्च वाद्यमेळाचे, आणि एक स्वतः केलेले मिक्स, ज्याचे दोष आपल्याला आधीच ठाऊक आहेत. दुकानात मोबाइलवरून ब्लूटूथने लावलेले गाणे ऐकून निर्णय घेऊ नये. दोन जोड्यांची तुलना करताना मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने दोन्हींचा आवाज समान करून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि विक्रेत्याचा हात बटणावर असेल तर हे आपल्या लक्षातही येत नाही.

मग तेच गाणे मोनो करून, म्हणजे दोन्ही स्पीकरना अगदी एकच आवाज जाईल असे, लावा. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, जणू तिथे माणूस बसला आहे असा, आवाज एका जागी ठरला पाहिजे. तो डावीकडे सरकत असेल किंवा रुंद पसरलेला वाटत असेल, तर जोडी जुळलेली नाही किंवा मांडणी चुकलेली आहे. गाणे थांबवून ट्विटरजवळ कान न्या. हलकी सळसळ चालते, पण बसल्या जागी ती ऐकू येता कामा नये. शेवटी स्वतःचे मिक्स लावा. ज्या जोडीवर आपल्याला त्यातले दोष लगेच टोचतील, ती जोडी घ्यावी. ज्या जोडीवर ते मिक्स सुंदर वाटेल ती टाळावी.

ऑनलाइन मागवणे भाग असेल तर परत करण्याची मुदत, हमीची दुरुस्ती कोणत्या शहरात होते हे, आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण या तीन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ खोके आणि त्यातले थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवावे; दुरुस्तीसाठी पाच-सहा किलोचा नग मुंबईला पाठवायचा झाला तर त्याशिवाय तो धड पोचत नाही.

मांडणी

स्पीकर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून, आखूड भिंतीशी ठेवावेत आणि डाव्या-उजव्या भिंतींपासून दोघांचे अंतर सारखे असावे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. लहान खोलीत त्याची बाजू एक मीटर ते सव्वा मीटर ठेवावी. बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत साडेचार फुटांवर धरून तिथून थोडे पुढे-मागे सरकत शोधावी. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नये, तिथे पहिल्या फुगवट्याचा सूर जवळजवळ नाहीसा होतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज एका ठरावीक वारंवारतेवर मूळ आवाजाला मारतो. वूफरपासून भिंत ६० सेंटीमीटरवर असेल तर हा खड्डा सुमारे १४३ हर्ट्झवर, म्हणजे पुरुषी गळ्याच्या आणि पखवाजाच्या अंगातच पडतो. स्पीकर भिंतीकडे सरकवून हे अंतर ३२ सेंटीमीटर केले की खड्डा २७० हर्ट्झच्या आसपास चढतो, जिथे भिंतीवरची जाड गादी त्याला बऱ्यापैकी आवरते. वाढलेला बेस मागच्या बटणाने उतरवता येतो. छोट्या खोलीत मी हाच मार्ग सुचवेन. कोपऱ्यात मात्र स्पीकर कधीही ढकलू नये.

ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ही उंची जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटीमीटर येते, पण आपल्याकडे अनेक जण पेटी शेजारी घेऊन गादीवर बसूनच काम करतात आणि त्यांच्यासाठी ती ७५ ते ८० सेंटीमीटरच असते. विकतचे स्टँड महाग वाटत असतील तर जांभ्याचे चिरे एकावर एक रचून उत्तम आधार होतो: वजनदार, न थरथरणारा आणि बांधकाम चालू असलेल्या घरी मागितला तर फुकट मिळणारा. चिऱ्याची लाल भुकटी झडत राहते, म्हणून तो जुन्या सुती कापडात शिवून घ्यावा आणि वर स्पीकरखाली रबराची जाड चटई घालावी. रचलेले चिरे हलत नाहीत याची, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, पक्की खात्री करावी.

खोलीवरचे काम

सहा-सात हजारांत करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम म्हणजे पहिल्या परावर्तनाच्या, भिंतीवर जिथे आदळून स्पीकरचा आवाज कानाकडे परततो त्या, जागा झाकणे. आपण बसल्या जागी राहावे आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे दोन बाय चार फुटांची, चार इंच जाडीची रॉकवूलची (दगडाच्या तंतूंच्या लोकरीची) चौकट लावावी. चौकट सुताराकडून करून घ्यावी, तिच्यावर सुती कापड ताणावे आणि भिंतीपासून दोन इंच सोडून टांगावी. त्या फटीमुळे ती अधिक खालचे सूर शोषते आणि पावसाळ्यात भिंतीचा ओलावाही तिच्यात उतरत नाही. अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम यांचा उपयोग केवळ वरच्या सुरांपुरता आहे. त्यांनी झांज मंद होते आणि घुमारा तसाच राहतो. काथ्याच्या पातळ चटयांचेही तेच. खालच्या सुरांसाठी कोपऱ्यांत जाडीच लागते. गुंडाळून उभ्या केलेल्या कापसाच्या जुन्या गाद्या तिथे थोडेफार काम करतात, फक्त पाऊस सरला की त्यांना ऊन दाखवलेच पाहिजे.

मोजून पाहायचे असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा मायक्रोफोन पुरतो. तो नसेल तर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर वाजवून कुठे फुगतो आणि कुठे बुडतो ते वहीत टिपून ठेवावे. त्या जागांवर मिक्स करताना कानापेक्षा हेडफोनवर आणि आलेखावर विश्वास ठेवावा.

वीज आणि ओलावा

इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण रोखणारी) केबलच वापरावी. तरीही गुणगुण येत असेल तर लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत. प्लगची तिसरी पिन कापून गुणगुण थांबवणे जिवावर बेतू शकते, ते कदापि करू नये. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होते. त्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे ना हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहावे. इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच हवा, नाहीतर त्याची करकर स्पीकरमधून ऐकू येते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. अंगावर येणाऱ्या विजेपुढे कोणताही सर्ज प्रोटेक्टर टिकत नाही.

खारी दमट हवा जॅक आणि फिरती बटणे खराब करते, म्हणून केबल दर महिन्याला काढून घालावी आणि खरखरणाऱ्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. स्पीकर प्लास्टिकने झाकल्यास आत ओल धरते. झाकण सुती असावे, आणि पावसाळ्यात रोज तासभर स्पीकर चालू ठेवले तर त्यांच्या ऊबेने आतला भाग कोरडा राहतो. पोर्टच्या तोंडाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. चार-सहा आठवडे काम बंद असले की कुंभारीण माशी त्या गोल भोकाच्या आत मातीची नळी बांधते, पाली आत शिरून सर्किटवर मरून पडतात आणि लाकडी स्टँड भिंतीला टेकलेला असेल तर वाळवी मागून खोक्यात चढते. काम थांबवताना पोर्टवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बसवावा आणि काम सुरू करताना तो आठवणीने काढावा.

आवाजाची पातळी

बसल्या जागी ७३ ते ७६ डेसिबल ही पातळी लहान खोलीसाठी योग्य असते. ती एकदा मोजून इंटरफेसच्या बटणावर पेनाने खूण करून ठेवावी आणि बहुतेक काम त्याच खुणेवर करावे. माणसाच्या कानाला हळू आवाजात बेस आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते वाढल्यासारखे वाटतात. पातळी रोज बदलत राहिली तर रोजचे निर्णयही बदलतात. संदर्भासाठी लावलेले व्यावसायिक गाणे आपल्या मिक्सइतके हळू करूनच तुलना करावी. नव्या जोडीवर पहिले दोन-तीन आठवडे नवे मिक्स हाती न घेता ओळखीची गाणीच ऐकावीत. त्यानंतर केलेले पहिले मिक्स मोबाइलवर, गाडीत आणि जमल्यास गावच्या मंडपातल्या स्पीकरवर ऐकून, जे जास्त किंवा कमी निघाले ते त्याच वहीत, खोलीच्या फुगवट्यांच्या नोंदीशेजारी लिहावे.